तारीख आणि वर्गणीदार

(संस्थेच्या वार्षिक संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी केलेले भाषण, थोड्या संक्षेपाने)



आजच्या सभेपुढील ठरावांपैकी सातवा ठराव असा आहे की, आपले मासिक बंद करावे आणि त्याऐवजी वर्षातून एकदा ही स्मरणिका तेवढी काढावी. त्यावर मते घेण्यापूर्वी मासिकाच्या एका जुन्या संपादकाचे चार शब्द सभेने ऐकून घ्यावेत, असे चिटणीसमहाशयांना वाटले व म्हणून मी येथे उभा आहे. ठरावाच्या बाजूने बोलावे की विरुद्ध बोलावे, हे त्यांनी मला सांगितले नाही. आणि खरे सांगावयाचे तर काल गाडीत बसेपर्यंत माझे मलाही ते ठरविता आले नव्हते.

ठराव मांडणाऱ्या तरुण मंडळींचे म्हणणे मी काळजीपूर्वक वाचले. ज्ञातीतील बातमी आता फोनवर घटकाभरात सर्वांना कळते. लग्नाची पत्रिका, परीक्षेचा निकाल, कोणाच्या निधनाची वार्ता, सर्व काही त्याच दिवशी पोचते. मग महिन्यानंतर छापून येणाऱ्या आठ पानांना कोण विचारतो, असे ते म्हणतात. यात खोटे काहीच नाही. माझे म्हणणे एवढेच की, बातमी उशिरा पोचते म्हणून आपले मासिक क्षीण झालेले नाही. ते माझ्याच कारकिर्दीत क्षीण होऊ लागले, आणि तेव्हा कोणाच्याही खिशात फोन नव्हता.

हिंदुस्थानात टपालासंबंधी १८९८ साली झालेला जो कायदा होता, त्यात सवलतीच्या दराने टपालात घेण्याजोगे वृत्तपत्र कोणते, याची एक व्याख्या दिलेली होती. तो कायदा आता राहिला नाही. २०२३ साली संमत झालेल्या नव्या कायद्याने २०२४ मध्ये त्याची जागा घेतली. पण ती जुनी व्याख्या मला अजून आठवते, कारण संपादक झालो त्या आठवड्यातच एका टपालमास्तरांनी ती माझ्यापुढे ठेवली होती. त्या प्रकाशनाचे अंक ३१ दिवसांहून अधिक अंतराने निघता कामा नयेत, आणि त्याला खरेखुरे वर्गणीदार असले पाहिजेत, या तिच्यातील मुख्य अटी होत्या. मजकूर सरस असावा, भाषा शुद्ध असावी, विचार उन्नत असावेत, अशी अपेक्षा त्या कायद्याने केलेली नव्हती. तेव्हा मला या रुक्षपणाचे हसू आले. पुढे तेरा वर्षांच्या अनुभवानंतर मात्र वाटू लागले की, नियतकालिक कशाने जगते हे त्या कायद्याच्या कारकुनाला आमच्यापैकी पुष्कळ साहित्यिकांहून अधिक समजले होते.

प्रथम तारखेविषयी बोलतो.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस 'दर्पण' काढले, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. मराठीत वृत्तपत्र वाचणारा वर्ग म्हणून काही त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. म्हणून एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी असे स्तंभ छापून त्यांनी ते पत्र प्रथम पाक्षिक म्हणून सुरू केले आणि लवकरच साप्ताहिक केले. वाचक नाहीत म्हणून पत्र नाही आणि पत्र नाही म्हणून वाचक नाहीत, या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग त्यांनी पत्र वारंवार काढण्यात शोधला. 'दर्पण' १८४० पर्यंत चालले. ते थांबले त्याच साली त्यांचे 'दिग्दर्शन' हे मासिक निघाले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे उदाहरण आणखी जवळचे आहे, कारण तेथे एकच माणूस होता. १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते व वय पुरते चोवीसही नव्हते. त्यातील मजकूर जवळजवळ सर्व त्यांच्या एकट्याच्या हातचा. 'माले'चे एकंदर ८४ अंक निघाले. जोतीराव फुल्यांवर त्यांनी जे लिहिले ते अन्यायाचे होते असे माझे मत आहे, आणि ज्या भाषेत लिहिले ती भाषा त्यांना शोभणारी नव्हती. पण लेखकाशी भांडावयाचे असले तरी त्याचे ८४ अंक समोर असावे लागतात. पहिल्या तीन अंकांनंतर थकून बसणाऱ्याशी भांडण्यासही कोणी येत नाही.

शिक्षणखात्यातील विनायक कोंडदेव ओक यांनी तर १८८१ पासून मुलांसाठी 'बालबोध' हे मासिक सुमारे ३३ वर्षे चालविले. दर अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध, काही शास्त्रीय माहिती, असा त्यांचा बेत ठरलेला असे, आणि लिहिणारे बहुधा तेच. साहित्याच्या इतिहासात ओकांना फार मोठी जागा कोणी देत नाही. परंतु ज्या घरात तो अंक महिन्याच्या महिन्यास येत असेल, त्या घरातील मुलाला वाचनाची सवय कोणी लावली, हे त्या मुलाला विचारावे. ठरलेल्या दिवशी ठरलेली वस्तू दारात आली की वाट पाहण्याची सवय जडते. आणि वाट पाहणारा माणूस म्हणजेच वाचक. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढले व त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः दिली, तेव्हा याच वाट पाहण्याचा त्यांनी किती सुंदर उपयोग करून घेतला!

आता माझी गोष्ट. मी १९७६ साली आपल्या मासिकाचा संपादक झालो तो काही योग्यतेमुळे नव्हे. आधीचे संपादक वृद्ध झाले होते, मी शिक्षक होतो, माझे अक्षर बरे होते आणि छापखाना माझ्या शाळेच्या वाटेवर होता. आठ पाने, म्हणजे अर्धा फर्मा. एकच वृद्ध जुळारी खिळे जुळवी. त्याला लग्नसराईत पत्रिकांचे काम आले की आमचा अंक बाजूला पडे. पहिल्या वर्षी मी दोन वेळा जोडअंक काढले. 'अपरिहार्य अडचणींमुळे' असे शब्द त्यावर छापले. त्या दोन्ही अडचणी म्हणजे माझा आळस होय, हे मी आज येथे कबूल करतो. वर्षअखेरीस नव्या सालाचा पहिला अंक वर्गणीसाठी व्ही. पी. ने पाठविण्याची आमची रीत होती. सुमारे चारशे पाठविल्या. त्यांतील शंभरावर परत आल्या, आणि परत आलेल्या प्रत्येक व्ही. पी. चे टपालखर्च संस्थेच्या अंगावर पडले.

तेव्हा माझ्या पत्नीने एक गोष्ट सुचविली. ती म्हणाली, "अंकाची तारीख तुम्ही ठरवू नका, टपालाला ठरवू द्या." टपालकचेरीशी आमचा २० तारखेचा करार होता; नोंदणी केलेले नियतकालिक ठरल्या तारखेस, ठरल्या कचेरीतच टाकावे लागे. त्या महिन्यापासून आम्ही उलटी गणती धरली. २० तारखेला टपाल, म्हणून १९ ला रात्री घड्या, वेष्टने आणि खळ. म्हणून १५ ला छपाई, १२ ला मुद्रिते, आणि ८ तारखेला जेवढा मजकूर हाती असेल तेवढ्यावर अंक. पाने अपुरी पडली तर सहाच पाने. पण २० तारीख चुकवावयाची नाही. पुढील साडेअकरा वर्षांत ती एकदाच चुकली, माझे वडील वारले त्या महिन्यात.

नियमितपणाने वाचक टिकले. वाढले मात्र निराळ्याच कारणाने.

पत्ते आम्ही हाताने लिहीत असू. पत्ता हाताने लिहिला की माणूस लक्षात राहतो. अमुक गृहस्थ रेल्वेत असून दर तीन वर्षांनी त्यांचे गाव बदलते, तमक्या बाईंच्या पतीचे नाव खोडून आता त्यांचेच घातले आहे, हे वहीवरून कळू लागले. आणि असेही कळू लागले की, मी ज्यांच्यासाठी लिहीत होतो ते हे लोक नव्हतेच. मी लिहीत होतो ते पुण्यामुंबईच्या सात-आठ प्रतिष्ठितांसाठी: कोणाचा सत्कार झाला, कोणी देणगी दिली, कोणाचे चिरंजीव परदेशी गेले. सोलापूर जिल्ह्यातील एका विधवा भगिनीचे एक पोस्टकार्ड आले. त्यातील आशय असा होता की, तुमच्या अंकात कोण कोठे पोचले ते दर महिन्यास वाचते, पण कसे पोचले ते कोठेच नसते. माझा मुलगा दहावीस आहे, त्याला पुढे कोठे ठेवावे, वसतिगृह कोणते, अर्ज केव्हा करावा, हे सांगणारे कोणी नाही.

मी ते कार्ड जसेच्या तसे छापले व त्याखाली चार वसतिगृहांची माहिती, अर्जाची मुदत आणि लागणारे दाखले एवढेच दिले. संपादकीय त्या महिन्यात लिहिलेच नाही. पुढील महिन्यात अशी अकरा पत्रे आली. कोणी शिष्यवृत्तीविषयी विचारले, कोणी वारसाच्या नोंदीविषयी, एकाने म्हशीच्या विम्याविषयी. मला यांतले काहीएक येत नव्हते; पण ज्ञातीत तलाठी होते, बँकेत कारकून होते, एक पशुवैद्य होते. त्यांना मी पत्रे लिहू लागलो. त्यांनी कधी जन्मात लेख लिहिला नव्हता, परंतु उत्तर मात्र उत्तम लिहिले. दोन वर्षांत आमचे वर्गणीदार दुपटीच्या जवळ गेले, आणि त्यासाठी मी प्रचाराचा एकही दौरा केला नाही. ज्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले त्याने ते शेजाऱ्यास वाचून दाखविले, एवढेच घडले.

माझा हा अनुभव काही अपूर्व नव्हे. किर्लोस्करवाडीस १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले ते कारखान्याचे एक लहान माहितीपत्रक म्हणून: लोखंडी नांगर घेणारे शेतकरी, विक्रेते आणि कामगार यांच्यासाठी. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती वाचकांची एक ठाम यादी होती, आणि त्या यादीतील माणसाला शेतीबरोबर आणखी काय हवे आहे याचा शोध घेत ते पत्रक वाढत गेले. नावातील 'खबर' गळून १९२९ साली ते 'किर्लोस्कर' झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे आली. प्रारंभी समोर होता तो नांगर घेणारा एक विशिष्ट शेतकरी. सर्व महाराष्ट्रासाठी म्हणून जे पहिल्या दिवसापासून निघते, ते पुष्कळदा कोणाच्याच घरात शिरत नाही.

येथे मला कडू प्रकरण सांगितलेच पाहिजे.

१९८६ साली एका मुलीच्या वडिलांचे पत्र आले. लग्न ठरल्यानंतर वरपक्षाने कसकशा मागण्या वाढवीत नेल्या, याची तीत यादी होती. नाव कोणाचेच नव्हते. मी ते छापले. नाव नसले तरी ज्ञाती लहान आहे, आणि ज्यांनी ओळखावयाचे त्यांनी ओळखले. मासिकाच्या कागदाचा खर्च त्या काळी एक सधन गृहस्थ उचलीत असत. वर्गणी वाढविण्याचे अप्रिय काम टाळता यावे म्हणून आम्हीच ती सोय लावून घेतली होती. ते प्रकरण त्यांच्या नात्यातील निघाले. त्यांनी मला एकही कठोर शब्द उच्चारला नाही. एवढेच म्हणाले की, गुरुजी, ज्ञातीचे मासिक ज्ञातीची शोभा राखण्यासाठी असते. कार्यकारिणीने सुचविल्यावरून पुढील अंकात मी एक खुलासा छापला आणि त्या विषयावर आलेली पत्रे माझ्या मेजाच्या खणात ठेवून दिली. ती एकोणीस होती. त्यांतील बहुतेक स्त्रियांची.

मासिक २० तारखेस निघत राहिले. मजकुरात व्याकरणाची चूक नव्हती. पण त्या वर्षी व्ही. पी. परत येऊ लागल्या. 'घेण्यास नकार' असा पोस्टमनचा शेरा असलेली ती वेष्टने, त्यांवर आम्हीच लिहिलेले पत्ते, आणि कारण कोणीच कळविलेले नाही! त्यांत सोलापूरकडील त्या भगिनीचेही वेष्टन होते. १९८९ साली मी संपादकपद सोडले. तब्येतीचे कारण दिले, ते खरे नव्हते. माझ्यानंतरच्या संपादकांना मी दोष देत नाही. मी त्यांच्या हाती दिली ती वाचकांची यादी नव्हती, नुसती पत्त्यांची होती.

देणगीविषयी माझे मन त्यामुळे कडवट झाले असे कोणी म्हणेल. तसे नाही. देणगीवाचून आरंभच होत नाही, हे मला मान्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, त्यास शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपये दिले होते, आणि त्या पैशाचा याहून चांगला विनियोग क्वचितच झाला असेल. पुण्याच्या एका प्रमुख पत्राने तर या नव्या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास नकार दिला होता. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले, आणि 'मूकनायक' पुढे फार काळ टिकू शकले नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढले, त्यातील चोवीस चोवीस रकाने त्यांना एकट्याला लिहून काढावे लागत. पैसा नव्हता, लेखक नव्हते, आणि वाचकवर्ग तर असा की त्यातील पुष्कळांना अक्षरओळखही होऊ दिलेली नव्हती. 'बहिष्कृत भारता'चे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा प्रश्न त्यांनी अग्रलेखातून आपल्या लोकांस विचारला. एवढा मोठा माणूस, पण पत्र जगावयाचे तर ज्यांच्यासाठी ते आहे त्यांच्यापुढेच हात पसरला पाहिजे, दुसऱ्या कोणापुढे नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. पत्र १९२९ मध्ये थांबले. त्यानंतर १९३० मध्ये 'जनता' निघाले आणि तेच १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झाले.

'मूकनायका'च्या पहिल्याच अग्रलेखात, मुंबई इलाख्यातील पत्रांपैकी बरीचशी विशिष्ट जातींचेच हित पाहतात, अशी तक्रार आहे. आणि एका जातीचे नुकसान करू पाहणारा स्वतःच ज्या बोटीत बसला आहे तिलाच भोक पाडतो, अशा अर्थाचा दृष्टान्त तेथे दिला आहे. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे सांगणे काहींना अस्थानी वाटेल. पण आपले मासिक चालवावयाचे की नाही, याचा विचार करताना ते कोणाचे भोक बुजवीत होते आणि कोणाचे झाकीत होते, हेही पाहावे लागेल. मी एक झाकले होते.

या सर्वाचा सातव्या ठरावाशी संबंध काय, असे अध्यक्षमहाराज विचारण्यापूर्वी मीच सांगतो. मासिक पूर्वीप्रमाणे एखाद्या उदार गृहस्थाच्या कागदावर, सत्कारांच्या बातम्यांनी भरून, जमेल तेव्हा काढावयाचे असेल, तर माझे मत ठरावाच्या बाजूने आहे; त्याहून फोन बरा. फोनवरून ते पाठवावे की छापून, याही वादात मला रस नाही. छपाईचा मोह माझ्या पिढीस आहे, तो तरुणांवर लादू नये. मात्र २०० माणसे स्वतःच्या खिशातून वर्षाची वर्गणी अगोदर देण्यास तयार होतील, संपादक एक नसून निदान तिघे असतील, त्यांतील एक स्त्री असेल, आणि आलेले पत्र छापावे की न छापावे याचा निर्णय कार्यकारिणीकडे न जाता त्या तिघांकडेच राहील, तर माझे मत ठरावाविरुद्ध धरावे. तिघे म्हणण्याचे कारण साधे आहे. ओकांपासून माझ्यापर्यंत, ज्याने एकट्याने चालविले त्याच्यामागे ते चालविणारा बहुधा तयार झालेला नसतो. लहान नियतकालिके फार करून याच रोगाने जातात. १५ ऑगस्ट १९४८ रोजी साने गुरुजींनी सुरू केलेले 'साधना' साप्ताहिक त्यांच्या १९५० मधील मृत्यूनंतरही चालू राहिले, ते पुढे हात देणारे होते म्हणून.

येताना मी दोन वस्तू सोबत आणल्या आहेत. एक ही पत्त्यांची वही. हिच्यातील पत्ते आता निरुपयोगी आहेत, पण समासात माझ्या पत्नीच्या हातच्या नोंदी आहेत, कोणास कशाची माहिती हवी होती त्यांच्या, त्या वाचाव्यात. दुसरी वस्तू म्हणजे हे पाकीट. यात ती एकोणीस पत्रे आहेत. लिहिणाऱ्यांपैकी ज्या हयात असतील त्यांची संमती मिळवून आणि नावे गाळून ती छापता येतील; कागद ठिसूळ झाला आहे, तेव्हा उघडताना जपावे. मत घेण्याच्या आधी ही दोन्ही मी चिटणीसमहाशयांच्या स्वाधीन करतो.